लढाई सुरू झाल्यावरही अमेरिकेतले व्यापारी समेटाची आशा का धरून बसले होते?

इतिहासवेडा: एप्रिल 1775 मध्ये लेक्सिंग्टनला ब्रिटिश सैनिक आणि अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींचे लोक यांच्यात गोळीबार झाला, माणसं मेली, तरी जुलैमध्ये फिलाडेल्फियाची काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, ब्रिटनच्या राजाला ऑलिव्ह ब्रँच पिटिशन म्हणजे समेटाचा अर्ज पाठवते. व्यापाऱ्यांना खरंच समेट होईल असं वाटत होतं की फक्त धंदा वाचवायचा होता?

जुनी_वही: फक्त धंदा म्हटलं तर अन्याय होईल. त्यांनी हे एकदा जमवलेलं होतं ना. 1765 च्या स्टॅम्प ॲक्टच्या, म्हणजे वसाहतींतल्या कागदपत्रांवरच्या कराच्या वेळी ब्रिटिश माल मागवणं थांबवलं, लंडनच्या व्यापाऱ्यांनी पार्लमेंटकडे आरडाओरडा केला आणि मार्च 1766 मध्ये कायदा रद्द झाला. मग डिसेंबर 1774 पासून परत तोच उपाय केला. आता हे बघा, आयात लगेच बंद पण निर्यात मात्र 10 सप्टेंबर 1775 पर्यंत चालू, कारण व्हर्जिनियाच्या तंबाखूचं आलेलं पीक विकायचं होतं आणि लंडनची उधारी डोक्यावर होती. कायमचं तोडायचं ठरवलेला माणूस अशी मुदत ठेवेल का?

बंदरकाठी: पण यावेळी लंडनची बाजू लंगडी पडली. जानेवारी 1775 मध्ये तिथल्या व्यापाऱ्यांनी अर्ज दिला तो पार्लमेंटने वेगळ्याच कमिटीकडे ढकलला, एडमंड बर्क या खासदाराने तिला विस्मृतीची कमिटी म्हटलं. इंग्लंडहून वसाहतींत जाणारा माल 1774 मध्ये साधारण 26 लाख पौंडांचा होता, 1775 मध्ये जेमतेम 2 लाखांवर आला, तरी सरकार हललं नाही. राजाने तर पिटिशन घेतलंच नाही, 23 ऑगस्टला बंडाची घोषणा करून मोकळा.

इतिहासवेडा: मग आशा सुटली कधी?

जुनी_वही: माझ्या मते डिसेंबर 1775 च्या प्रोहिबिटरी ॲक्टने. वसाहतींची जहाजं मालासकट शत्रूची समजून जप्त करायची असा कायदा, म्हणजे जो बिचारा समेट व्हावा म्हणून थांबला होता त्याचंही जहाज गेलं. तरी सगळे एका दिवसात वळले नाहीत. फिलाडेल्फियाचे थॉमस विलिंग आणि रॉबर्ट मॉरिस एकाच पेढीचे भागीदार, 2 जुलै 1776 ला विलिंगने स्वातंत्र्याच्या विरोधात मत दिलं, मॉरिस मतदानापासून लांब राहिला. ऑगस्टमध्ये मात्र मॉरिसने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, शेवटपर्यंत थांबला आणि मग मागे हटला नाही, युद्धाच्या पैशाची जबाबदारी पुढे त्यानेच उचलली.