डेप्थ इमेज मोठी केली की वस्तूच्या कडेला पडदा दिसतो, काय चुकतंय?

प्रश्न:
माझा स्टिरिओवाला (दोन लेन्सनी अंतर मोजणारा) डेप्थ कॅमेरा आहे, डेप्थ इमेज (प्रत्येक पिक्सेलला अंतर) ६४०×४८० आणि कलर १९२०×१०८०. डेप्थ कलरएवढी करायला ओपनसीव्ही या इमेज लायब्ररीत सरळ रिसाइझ मारला, पण पॉइंट क्लाउड (डेप्थवरून काढलेले थ्रीडी बिंदू) बघितला तर खोकं आणि मागची भिंत यांच्यामध्ये पॉइंट्सचा पडदाच लटकलाय. भिंतही सारखी थरथरते आणि काळ्या चकचकीत भागात भोकं पडतात. दोन दिवस यातच गेलेत, प्लीज सांगा.

उत्तर १:
पडदा रिसाइझमुळेच येतोय. डिफॉल्ट बायलिनियर असतं, ते शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढतं, म्हणजे खोकं ०.८ मीटरवर आणि भिंत २ मीटरवर असेल तर कडेला १.४ वगैरे आकडे तयार होतात, तिथे खरं तर काहीच नाहीये. शिवाय भोकांमधला ० (म्हणजे डेप्थ मिळालीच नाही) पण सरासरीत मिसळतो. आधी डेप्थ कलरशी अलाइन करा (दोन्ही इमेज एकावर एक जुळवा) आणि रिसाइझला निअरेस्ट (सगळ्यात जवळच्या पिक्सेलचाच आकडा) वापरा, कडा दातेरी येतील पण खोट्या नसतील. मग जॉइंट बायलॅटरल अपसॅम्पलिंग, २००७ चं जुनं तंत्र आहे पण मला अजून आवडतं, कलरमधली कड बघून डेप्थची कड बसवतं. फक्त खोक्यावर छापील अक्षरं असतील तर ती कधीकधी डेप्थमध्ये उमटतात, तेवढं तपासा.

उत्तर २:
मोठं करण्याआधी मुळात डेप्थ चांगली घ्या ना. स्टिरिओत अंतर दुप्पट झालं की एरर साधारण चौपट होते, त्यामुळे कॅमेरा जवळ नेणं हाच सगळ्यात मोठा फायदा, फक्त किमान अंतराच्या आत नको. रिझोल्यूशनही बघून निवडा, रिअलसेन्स डी४३५ या डेप्थ कॅमेऱ्याला इंटेलने स्वतःच ८४८×४८० सुचवलं होतं. थरथरीला १५-२० फ्रेम्सचा मीडियन (मधला आकडा) घ्या, ० सोडून. चकचकीत भागाला कॅमेऱ्याचा कोन बदलून बघा. होल फिलिंग, म्हणजे भोकं बुजवणं, दिसायला छान पण ते अंदाजाने भरतं, मोजमाप करायचं असेल तर अजिबात लावू नका. आणि सेव्ह १६ बिट पीएनजीतच करा, जेपेगमध्ये मिलिमीटर गेलेच समजा.

प्रश्नकर्ता:
निअरेस्ट आणि मीडियन लावला, पडदा गेला, भिंतही शांत झाली, खूप आभार! पण पुढे खोकं हलणार आहे, तेव्हा?

उत्तर २:
मग मीडियन नको, कडेला जुनी-नवी डेप्थ मिसळेल. तेव्हा स्पेशियल फिल्टर (एकाच फ्रेममधले शेजारचे पिक्सेल बघून थरथर कमी करणारा) आणि वरची कलरवाली पद्धत एवढंच. खोकं स्थिर ठेवून कॅमेराच फिरवता आला तर २०११ च्या काइनेक्टफ्यूजनसारखं करा, प्रत्येक फ्रेम एकाच थ्रीडी ग्रिडमध्ये मिसळत जायची, एका फ्रेममध्ये नसलेले बारकावे तिथे खरंच मिळतात कारण दरवेळी सेन्सर थोडा वेगळ्या जागेवरून बघत असतो.