मदत हवी आहे : घरातल्या युट्रिक्युलेरियाला फुलंच येत नाहीत (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

पावसाळा ओसरताना मसाई पठारावर गेलेल्यांनी सीतेची आसवं पाहिली असतीलच. ओल्या कातळावर बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं. गुडघ्यांमुळे आईला आता पठारावर चालवत नाही, म्हणून त्यांच्याच गोतातलं एक रोप तिच्या खिडकीत फुलवायचं मी ठरवलं. पठारावरचं काही उपटून आणलेलं नाही, आणणारही नाही. हे युट्रिक्युलेरिया सँडरसनी, सूक्ष्म जीव पकडून खाणारं रोप, मूळ दक्षिण आफ्रिकेतलं. एका ओळखीच्यांनी जूनमध्ये त्याचा रुपयाएवढा तुकडा दिला. त्याचं फूल सशाच्या तोंडासारखं दिसतं, वर दोन कान!

आज दहा महिने झाले. चार इंची कुंडी हिरव्यागार पानांनी भरून गेली आहे, पण एकही दांडा वर आलेला नाही.

कुंडीत पीट मॉस आणि धुतलेली वाळू निम्मी-निम्मी. खत अजिबात नाही. कुंडी पाण्याच्या डब्यात ठेवलेली, पाणी कायम निम्म्या उंचीपर्यंत. बोअरचं पाणी क्षारांचं म्हणून घरच्या आरओचं घालते. खिडकी उत्तरेची, ऊन थेट येत नाही.

रोप उपाशी असेल का, अशी शंका आली म्हणून एक चिमूट मुळकट भाग बशीत धुऊन भिंगाखाली पाहिला. (याला खरी मुळं नसतातच.) धाग्यांना मोहरीहूनही बारीक, पारदर्शक पिशव्या लटकलेल्या होत्या. या पिशव्या आतलं पाणी बाहेर टाकून चपट्या होतात, दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार आत उघडतं आणि पाण्यासकट तो ओढला जातो. सगळं एका मिलिसेकंदाच्या आत. काही पिशव्यांत काळपट ठिपके होते, म्हणजे शिकार मिळत असावी. मग अडतंय कुठे? वरून काही खायला घालायचं का?

प्रतिसाद :
ताई, खायला काही घालू नका. पीटमधल्या जीवांवर त्याचं भागतं. खत किंवा दूध घातलंत तर शेवाळ माजेल आणि रोप जाईल.

पानं भरपूर आणि फुलं नाहीत, म्हणजे माझ्या मते उजेड कमी पडतोय. सँडरसनी खरं तर सढळ हाताने फुलणारी जात आहे. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी पूर्वेची जागा बघा. नसेल तर पांढरा एलईडी वीतभर उंचीवर लावा, रोज बारा-चौदा तास. पूर्वेकडे हलवणार असाल तर आठवड्याभरात हळूहळू न्या. आता एप्रिल आहे, दुपारचं ऊन लागलं तर पानं करपतील.

दुसरं पाणी. निम्म्यापर्यंत बुडवून ठेवू नका, डब्यात बोटाच्या एका पेराएवढंच राहू द्या. माती ओलीच राहिली पाहिजे, पण पाणी उतरल्यावर माझ्याकडे दांडे आलेत. आणि आरओच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजाच. काही यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळायची सोय असते. ५० च्या खाली हवा.

धागाकर्ती :
मनापासून आभार दादा. मीटर आणून मोजलं, ११० निघाला! मिसळायचा स्क्रू होता, मला माहीतच नव्हतं. तूर्तास डिस्टिल्ड पाणी आणलंय, कुंडी आईच्या खोलीतून पूर्वेच्या गॅलरीत नेतेय. दांडा दिसला की परत तिच्या उशाशी. आता जूनपासून पावसाचं पाणी साठवायचा विचार आहे. आमचा स्लॅब सिमेंटचा आहे, त्यावरून पन्हळीतून येणारं पाणी चालेल, की चुना उतरेल म्हणून उघड्यावर पिंप ठेवून थेट धरावं?