डंजन्स अँड ड्रॅगन्समधले राक्षस टेबलावर कसे चालवता? नागपूरकरांनो, लिहा

हा टेबलावर फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ: एक जण गोष्ट आणि राक्षस चालवतो, बाकीचे आपापलं पात्र. त्याच्या पुस्तकातला कोणता प्राणी खेळात फुसका ठरतो आणि तो कसा चालवावा, तेवढं सांगा. आकडे पाचव्या आवृत्तीचे, २०१४ च्या पुस्तकातले धरू. किस्से नकोत, रीत हवी.

धरमपेठ
गॉब्लिन. हिट पॉइंट, म्हणजे जीव किती त्याचा आकडा, फक्त ७. मोकळ्या मैदानात उभा केला की पहिल्याच फेरीत आडवा. त्याची खरी ताकद बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत आहे: दर पाळीला तो निसटू किंवा लपू शकतो. झाडाआडून बाण, लगेच लपणं, पुढचा बाण दुसऱ्या झाडाआडून. न दिसता सोडलेल्या बाणाला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे नवख्या, चौघा पात्रांसमोर तीन ठेवले तर लढाई ‘हार्ड’, चौथा आला की ‘डेडली’. हात आखडता घ्या.

महाल
ट्रोलबद्दल अर्धवट माहिती लई फिरून राहिली, भाऊ. हिट पॉइंट ८४, आणि दर पाळीच्या सुरुवातीला १० परत. आग किंवा अ‍ॅसिड लागलं की ही भरपाई फक्त त्याच्या पुढच्या पाळीपुरती थांबते, कायमची नाही. शून्यावर आला तरी तो मेला नसतो. पाळी शून्यावर सुरू झाली आणि भरपाई झाली नाही, तरच मरतो. म्हणून शेवटच्या घावासोबत आग हवीच. जादूगार नसला तरी चालतं, मशालीचा १ डॅमेजही (इजेचा आकडा) पुरतो. हे खेळाडूंना आधी कळायला पाहिजे. गावातल्या म्हातारीच्या तोंडून सांगा, नाहीतर लढाई नुसती रटाळते.

प्रतापनगर
मे महिन्यात कुलरसमोर कागदी टोकन टिकत नाहीत. गॉब्लिनला चिंचोके घ्या. ट्रोल दोन बाय दोन चौकोनांचा, म्हणजे इंचाच्या चौकटीवर दोन इंच. कॅरमचा स्ट्रायकर त्यात नीट बसतो.

सक्करदरा
रानात वाट चुकवणारा आपला चकवा पुस्तकात नाही, पण गोरेवाड्यासारख्या जंगलात मस्त चालतो. त्याला हिट पॉइंट देऊ नका. दिले की खेळाडू तलवारी काढतात आणि चकव्याचा साधा भूत होतो. रात्री दर तासाला वाट काढणाऱ्याने सर्व्हायव्हलचा (रानात निभावण्याच्या कौशल्याचा) चेक करायचा, म्हणजे फासा टाकायचा; डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १३. चुकला की सगळे पुन्हा त्याच पळसापाशी. लागोपाठ दोनदा चुकले तर सगळ्यांना एक लेव्हल थकवा. उतारा एकच: बसून राहा, उजाडू द्या.

महाल
सक्करदरा, थकव्याला दोन लेव्हलची मर्यादा घाला. थकव्याच्या सहाव्या लेव्हलला पात्र मरतं, आणि तिसऱ्यापासूनच हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरायचा. सकाळी खरोखरचा ट्रोल भेटला तर कोणी वाचायचं नाही.