डीआयचा एक सिलिंडर पुरे? मग हा हिशेब बघा

खारटमामा (धागाकर्ता)
काच धुण्याच्या धंद्यासाठी पाणी कसं शुद्ध करावं, असं एकाने विचारलं होतं. वाटा दोन: आरओ, म्हणजे दाबाने पाणी मेंब्रेनच्या बारीक पडद्यातून गाळणं; आणि डीआय, म्हणजे रेझिनच्या मण्यांकडून क्षार धरून घेणं. त्याखाली शून्यवादी यांचा निकाल: "आरओ म्हणजे पाण्याची नासाडी आणि डोक्याला ताप. २५ लिटरचा डीआय सिलिंडर नळाला जोडा, मीटरवर ००० बघा आणि कामाला लागा. बाकी सगळं विकणाऱ्यांचं चऱ्हाट." वर सहा जणांचं +१. नवीन माणूस हे वाचून खरेदीला जाईल, म्हणून वेगळा धागा.

मिक्स्ड बेड रेझिनची (धन आयन धरणारं कॅटायन आणि ऋण आयन धरणारं ॲनायन, दोन्ही मिसळलेलं) क्षमता लिटरमागे साधारण ०.५५ इक्विव्हॅलंट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात २७ ग्रॅम. प्रत्यक्षात पाणी वाटा काढतं, तळाचं रेझिन पूर्ण वापरलं जात नाही, म्हणून २० ग्रॅम धरा. २५ लिटरच्या सिलिंडरमध्ये एकूण ५०० ग्रॅम क्षार मावतात. नळाचा टीडीएस (विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅम म्हणजेच पीपीएम) ३५० असेल तर ५०० भागिले ०.३५, म्हणजे सुमारे १,४०० लिटर. एक पोल (पाणी सोडणारा लांब दांड्याचा ब्रश) मिनिटाला दीड-दोन लिटर पितो, दिवसाचे ४०० लिटर सहज. चौथ्या दिवशी सिलिंडर रिकामा करायचा!

तेच पाणी आधी आरओतून काढलं आणि मेंब्रेनने ९५ टक्के क्षार अडवले, तर रेझिनपर्यंत १७ पोहोचतात, सिलिंडर सत्तर दिवस चालतो. हा फरक चऱ्हाटाचा नाही, भागाकाराचा आहे.

शून्यवादी
भागाकार छान. पण ३५० कुठून आणलात? सोयीचा आकडा घेतला की सोयीचं उत्तर येतंच. नळाला ५० टीडीएस असेल तर तुमच्याच सूत्राने १०,००० लिटर, म्हणजे पंचवीस दिवस. त्यासाठी पंप, प्रेशर गेज, तीन हाउसिंग आणि मेंब्रेन लटकवायचं? डीआयला वीज नको, दाब नको, पहिल्या मिनिटापासून शुद्ध पाणी. आरओ मात्र रात्रभर बंद राहिला की क्षार मेंब्रेनमधून पलीकडे झिरपतात, सकाळी पहिली काही मिनिटं टीडीएस चढलेला असतो. ते पाणी ओतून द्यावं लागतं हे मामा विसरले वाटतं. आणि कडक पाणी असेल तर आधी सॉफ्टनर लावा, टीडीएस तिथेच निम्मा होतो.

खारटमामा
सॉफ्टनरने टीडीएस निम्मा?? अहो, सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. २० ग्रॅम कॅल्शियम गेलं की २३ ग्रॅम सोडियम आलं. टीडीएस घटत नाही, झालाच तर किंचित वाढतो. सॉफ्टनर मेंब्रेनवर खवले धरू नयेत म्हणून लावतात. ते पाणी थेट काचेवर मारलंत तर मिठाचे डाग पडतील. लोकांना शिकवण्याआधी निदान एवढं तरी तपासा.

थेंबेथेंबे
दोघेही ग्रेट. मूळ मुद्दा राहिला. एका मेंब्रेनवर १:१ चालवता ना? ४०० लिटर शुद्ध, ४०० लिटर गटारात. काच चमकावण्यासाठी. धन्य आहे.

नळ_आणि_नाळ
@थेंबेथेंबे, गटारात कशाला? आत ३५० असेल तर रिजेक्ट (मेंब्रेनने मागे टाकलेलं पाणी) जेमतेम ७०० निघतं. वेगळ्या टाकीत घ्या. फरशी, गाडीची चाकं, ब्रशची पहिली धुलाई, संडासची टाकी यांना चालतं. झाडांना नको.

आणि नासाडीच मोजायची तर रेझिनही मोजा. वर्षाला एक लाख लिटर पाणी धरलं, तर ३५० टीडीएसला नुसत्या डीआयमध्ये सत्तर वेळा सिलिंडर भरावा लागतो. हे झालं १,७५० लिटर रेझिन. ते फेकता, की रिजनरेट (पुन्हा ताजं) करता? करत असाल तर दोन्ही रेझिन वेगळी काढून एकाला हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसऱ्याला कॉस्टिक सोडा, वर धुवायला पाणी. ते गंगाजलात होतं का?

थेंबेथेंबे
गंगाजल वगैरे टोमणे नकोत. मुद्दा पटला नाही, पण आकडा लिहून घेतला.

कोरीपाटी
बाळबोध शंका. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी साठवून नाही का चालणार? त्यात मेंब्रेन आहेच की.

नळ_आणि_नाळ
नाही. घरगुती मेंब्रेन बहुधा ७५ गॅलन प्रतिदिन, म्हणजे तासाला १२ लिटर. ४०० लिटरला तेहतीस तास. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांत टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळतो, आणि मिनरल कार्ट्रिज क्षार पुन्हा घालतो. पिण्याला ठीक, काचेला वैरी. धंद्याला ४०४० मेंब्रेन बघा: व्यास ४ इंच, लांबी ४० इंच. कमी दाबाच्या प्रकाराला १०० पीएसआयवर दिवसाला २,६०० गॅलनचं रेटिंग असतं, म्हणजे मिनिटाला पावणेसात लिटर. पण ते २५ अंशाला. पाणी एक अंशाने गार झालं की उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी पडतं. नळाचा दाब ४० असेल तर बूस्टर पंपाशिवाय अर्धंही निघत नाही आणि अडवणूकही घसरते.

क्रम: ५ मायक्रॉनचा गाळ फिल्टर, कार्बन, पंप, मेंब्रेन. कार्बन टाळू नका. मेंब्रेन पॉलिअमाइडचं असतं, क्लोरीन ते खाऊन टाकतं. पाण्यात क्लोरामाइन असेल तर साधा कार्बन अपुरा पडतो, कॅटॅलिटिक लागतो.

शून्यवादी
बघा, एका शंकेला किती भांडी निघाली. डीआयवाल्याला एकच मीटर. ००० असेल तर काच स्वच्छ, संपलं.

गारगोटी
इथे मात्र थांबवतो. ००० म्हणजे पाणी शुद्ध, हा या धंद्यातला सर्वात मोठा गैरसमज. मीटर क्षार मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून ठोकताळ्याने पीपीएम दाखवतो. सिलिका (वाळूतला मुख्य घटक) पाण्यात जवळजवळ आयनरूप होतच नाही, त्यामुळे मीटरला ती दिसतच नाही. रेझिन तिला सर्वात सैल धरतं, म्हणून सिलिंडर थकायला लागला की सगळ्यात आधी सिलिकाच निसटते. मीटरवर ०००, काचेवर पांढुरके ठिपके. आणि ते सायट्रिक ॲसिडने जात नाहीत, सेरियम ऑक्साइडने घासत बसा. कोलॉइडल (न विरघळलेल्या अतिसूक्ष्म कणांची) सिलिका तर डीआय सोडूनच देतं. आरओ मात्र दोन्ही बहुतांश अडवतं.

शून्यवादी
म्हणजे मीटर फेकून द्यायचा? वा!

गारगोटी
फेकू नका, वाचायला शिका. उलटी गंमतही सांगतो. आरओ वायू अडवत नाही. कार्बन डायऑक्साइड मेंब्रेनमधून आरपार जातो. लिटरला १० मिलिग्रॅम असेल तर मीटरवर जेमतेम २ वाढतात, पण ॲनायन रेझिनवर बोजा पडतो ११ पीपीएमचा. म्हणजे मामांचे १७ प्रत्यक्षात २८-२९ झाले. "टीडीएस १७ असून सिलिंडर हिशेबाआधीच का संपला" याचं उत्तर इथे आहे.

खारटमामा
हं. हे मी धरलं नव्हतं. म्हणजे सत्तर दिवसांच्या जागी त्रेचाळीस. तरीही चार दिवसांपेक्षा बरेच, हे नोंदवून ठेवतो.

गारगोटी
त्रेचाळीसही वाढवता येतात. आरओचं पाणी थेट डीआयमध्ये घालू नका. आधी टाकीत, वरून तुषार पडेल असं सोडा, झाकणाला हवेची वाट ठेवा. बराचसा वायू उडून जातो. डीआय टाकीनंतर, पोलच्या पंपापुढे बसवा. मिनिटाला दोन लिटरला ७ लिटरची बाटलीही पुरते. फक्त पंपाचा दाब बाटलीला झेपतो का ते बघा.

आणि शुद्ध पाणी टाकीत रात्रभर राहून ००० चं ००१ झालं म्हणून घाबरून रेझिन बदलू नका. हवेतला वायू विरघळतो, तो काचेवर डाग सोडत नाही.

शून्यवादी
मग तुमच्याच तोंडून सिद्ध झालं की १-२ आले तरी फरक पडत नाही. काल ००० म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवत होतात.

गारगोटी
मूर्ख कुणी म्हटलं नाही, टोपी आपणहून घातलीत. १० च्या आत डाग दिसत नाहीत, हे सगळेच मानतात. पण ते १० कशाचे आहेत यावर सगळं आहे. नुसत्या डीआयमधून १० येत असतील तर रेझिन संपत आलंय, आता कधीही आकडा उसळेल. पाण्याला मासळीसारखा वास आला तर ॲनायन रेझिन हमखास गेलं. आरओतून १० येत असतील तर ते रोजचेच.

चौकटीबाहेर
दोन दिवस बघतोय. ठिपके पाण्याचेच, हे कुणी ठरवलं? तक्रार येते तेव्हा काचेचा खालचा भाग स्वच्छ आणि वरून ओघळ असतात. वरच्या चौकटीच्या खाचेत, रबराच्या पट्टीमागे मळकट पाणी साचतं आणि पोल खाली ठेवल्यावर टपकतं. ००० घाला नाहीतर कावेरीचं घाला, ओघळ येणारच. आधी सगळ्या चौकटी घासा, निथळू द्या, मग काच, शेवटी ब्रश उचलून वरून खाली धुवा. आणि टीडीएस सिलिंडरच्या तोंडाशी नको, ब्रशच्या जेटपाशी मोजा. उन्हात तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी सोडून द्या.

नळ_आणि_नाळ
+१, विषयांतर असूनही. सिलिंडर गाडीत आडवा टाकू नका, हेही त्यातच. रेझिन एका बाजूला बसतं, पाणी वरच्या पोकळीतून सटकतं. खालून वर जोरात पाणी सोडलं तर हलकं ॲनायन वर, जड कॅटायन खाली, आणि मिक्स्ड बेडचं मिक्स्ड उरत नाही.

शून्यवादी
बरं. १५० च्या वर आरओ घ्या, घ्या एकदाचे. पण ५० च्या खाली आरओ विकणारा माणूस तुमचा मित्र नव्हे, यावरून मी हलणार नाही. मधल्यांनी आठवड्याचे लिटर मोजून ठरवावं. आणि सॉफ्टनरचं वाक्य मागे घेतो, मामांनी फ्रेम करून लावावं.

खारटमामा
५० च्या खाली मीही डीआयच म्हणेन. फ्रेमला जागा नाही, तिथे मेंब्रेनचं हाउसिंग आहे.

कोरीपाटी
शेवटचं: आरओ महिनाभर बंद ठेवायचा असेल तर?

नळ_आणि_नाळ
कोरडा पडू देऊ नका, गोठू देऊ नका. शुद्ध पाण्याने फ्लश करा, मग एक टक्का सोडियम मेटाबायसल्फाइट भरून दोन्ही टोकं बंद. परत सुरू करताना टीडीएस खाली स्थिरावेपर्यंत दोन्हीकडचं पाणी सोडून द्या.

थेंबेथेंबे
परत सोडून द्या.