मदत हवी आहे: चढावर गाडी तापते, बाटलीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) मात्र काठोकाठ. हेड (इंजिनचा सिलिंडरवरचा भाग) खोलू का?

गरम_काटा:

मंडळी, गेले तीन आठवडे इंजिन आणि माझं डोकं, दोन्ही तापलंय. गाडी ९ वर्षं जुनी, पेट्रोल, १,१८,००० किलोमीटर झालेत.

सपाट रस्त्यावर ८०-९०च्या वेगाने तासभर चालवा, काटा मधोमध. सिग्नलला पाच मिनिटं उभी ठेवा, काटा ढिम्म हलत नाही. पण लांब चढ लागला, गाडीत चार माणसं, एसी चालू आणि दुसरा-तिसरा गिअर, की दहा मिनिटांत काटा लाल पट्टीकडे निघतो. एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला की हळूहळू खाली येतो. भर उन्हात हीटर लावून बसलेल्या घरच्यांचे चेहरे कसे होतात ते विचारू नका. एकदा बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर बाटलीतलं कूलंट चहासारखं खदखदत होतं आणि तिच्या झाकणाखालून बाहेर उतू जात होतं.

आतापर्यंत थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) बदलून झाला, फरक शून्य. फॅन दोन्ही स्पीडला फिरतो, एसी लावला की लगेच सुरू होतो. सकाळी गाडीखाली एक थेंब नसतो. बाटलीतली पातळी कायम वरच्या खुणेला, कधी कधी त्याच्याही वर.

गॅरेजवाले म्हणतात, बाटलीत बुडबुडे आले म्हणजे हेड गॅसकेट (हेडखालचं सील) गेलं, दुसरं काही नसतंच, गाडी सोडून जा, हेड काढून फेस करून (घासून सपाट करून) देतो. ऑइल मी स्वतः बघितलं, दुधाळ नाही, म्हणजे त्यात कूलंट मिसळलेलं दिसत नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेड खोलायच्या आधी खात्री करायची आहे. कशी करू?

मागच्या_सीटवरून:

थर्मोस्टॅट काढूनच टाका ना. आमच्या जुन्या गाडीचा काढला होता, परत कधी गरम झाली नाही.

पाना_दहा_अकरा:

कृपया काढू नका. हा सल्ला दर धाग्यात येतो आणि दर वेळी चुकीचा असतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. तोच नसेल तर इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आत झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो काढला की कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात फिरत राहतो आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

आता मूळ प्रश्न. गाडी कधी तापते हे नीट सांगितलंत म्हणून अर्धं काम झालं. ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेग घेतला की थंड होते, तर फॅन, त्याचा रिले किंवा वायरिंग बघायचं. तुमचा फॅन तर ठीक दिसतोय. वेगात तापते, तर कूलंट नीट फिरत नाहीये: रेडिएटरच्या नळ्या क्षाराने चोंदल्यात, पंपाची पाती झिजलीत किंवा दांड्यावर सैल झालीत, किंवा खालचा होज (रबरी नळी) ओढीने आत चपटा होतोय. तुमची गाडी फक्त जोर लावला की तापते. म्हणजे काहीच ठार बंद पडलेलं नाही, पण ऐन वेळेला लागणारी शिल्लक उरलेली नाही.

मला खटकतंय ते वेगळंच. तुम्ही सगळेजण बाटली बघताय. रेडिएटर उघडून कुणी बघितलाय का? तुमच्या गाडीला दाबाचं झाकण रेडिएटरवर आहे की बाटलीवर? रेडिएटरवर असेल तर उद्या सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा रेडिएटर हाताला गार लागला की मगच, ते उघडा आणि काय दिसतं ते लिहा. गरम असताना चिंधी धरूनसुद्धा हात लावू नका. आतलं कूलंट १००च्या वर असून दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल झालं की तिथल्या तिथे वाफ होऊन तोंडावर येतं.

गरम_काटा:

झाकण रेडिएटरवरच आहे, बाटली नुसती पातळ नळीने जोडलेली.

आज सकाळी उघडलं आणि हबकलो. आत काहीच दिसेना. बोट घातलं, टेकलं नाही. टॉर्च मारली तर आतल्या नळ्यांची तोंडं कोरडी, उघडी. भरायला पाऊण लिटरच्या वर लागलं. आणि शेजारी बाटली वरच्या खुणेला, मख्ख! दर रविवारी तीच बघून समाधानाने बॉनेट लावत होतो.

अजून एक. झाकण उघडायच्या आधी वरचा होज चपटा होता, कुणी दोन बोटांत दाबून धरल्यासारखा. झाकण फिरवताच फुस्स आवाज झाला आणि होज पुन्हा गोल. गाडी सुरू केली की डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाजही येतो. मला वाटायचं, एसीचं पाणी असेल.

पाना_दहा_अकरा:

चपटा होज! हे आधी का नाही सांगितलंत?

ते झाकण नुसतं बूच नाही, त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठ्या स्प्रिंगचा व्हॉल्व्ह ठरलेला दाब होईपर्यंत बंद राहतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असेल, तो बारमध्ये. त्यावर दाब गेला की जास्तीचं कूलंट नळीने बाटलीत जातं. इंजिन निवलं की कूलंट आकसतं, मग मधला चिमुकला व्हॉल्व्ह आतल्या बाजूला उघडतो आणि बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतो. तुमच्याकडे तो चिमुकला अडकलाय. कूलंट बाहेर जातं, परत येत नाही, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा होज दाबून चपटा करते. रोज थोडं थोडं असं करत रेडिएटर रिकामा, बाटली भरलेली. जास्तीचं उतू गेलं ते गरम इंजिनावर वाफ होऊन उडालं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. हीटरच्या नळ्यांत शिरलेली हवा खळखळते, ते एसीचं पाणी नव्हे.

माझा संशय पहिल्या व्हॉल्व्हवरही आहे. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं. झाकणाने एक बार दाब धरला तर तेच जवळपास १२९पर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मऊ पडली असेल तर चढावर १०७-१०८लाच उकळी फुटते आणि वाफ बाटलीत शिरते. तुम्ही बघितलेलं खदखदणं हे असू शकतं. मधेमधे बाटलीत काय टाकत होतात?

गरम_काटा:

फिल्टरचं पाणी. खरं सांगतो.

पाना_दहा_अकरा:

म्हणजे मिश्रणही पातळ, उकळी अजून लवकर.

हेड_फेस_वाला:

एवढ्यात गॅसकेटला निर्दोष सोडू नका. तीस वर्षं हेडच खोलतोय. सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये घुसला तरी रेडिएटर रिकामा आणि बाटली भरलेली, असंच दिसतं. पण ते तपासायला हेड काढावं लागत नाही.

रेडिएटर काठोकाठ भरा, झाकण लावा, थंड इंजिन सुरू करा आणि वरचा होज मुठीत धरून उभे राहा. होज अजून कोमटही नाही आणि एक-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे. गॅसकेट गेलंय समजा. गरम होत जाईल तसा सावकाश कडक झाला तर ते नेहमीचंच. मात्र झाकणाची शंका आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. पेट्रोल गाडीत जळालेला गॅस असेल तर निळा पिवळा होतो.

आणि हो, चपटा होज तुमच्या बाजूने बोलतो. ज्यांचं गॅसकेट गेलंय त्यांचा होज बहुतेक वेळा सकाळीसुद्धा फुगलेला सापडतो.

गरम_काटा:

मूठ धरून उभा राहिलो. चार मिनिटं होज मऊच, नंतर गरम होत होत घट्ट झाला. दुसऱ्या गॅरेजमध्ये निळी टेस्ट केली, पंधरा मिनिटांनी द्रव निळाच. त्यांनी हातपंपाने सिस्टीममध्ये एक बार दाब भरला, सुई जागची हलली नाही. मग तोच पंप झाकणाला लावला. ०.३लाच सूं करून सोडून दिलं! झाकणावर छापलंय १.१. मधल्या व्हॉल्व्हवर पांढरा क्षार इतका जमलाय की नखाने उचलला जात नाही.

पाना_दहा_अकरा:

झालं तर. त्याच आकड्याचं झाकण घ्या. जास्त आकड्याचं बसवून हुशारी करू नका, कुठला तरी होज फुटेल. सगळं कूलंट काढून निम्मं-निम्मं भरा, पाणी डिस्टिल्ड. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. एअर लॉक (आत अडकलेली हवा) राहिला तर पहिले पाढे पंचावन्न.

गरम_काटा:

कालचा अनुभव. मित्राचा स्कॅनर (कूलंटचं नेमकं तापमान दाखवणारं यंत्र) लावून तोच चढ, तीच चार माणसं, एसी चालू. सपाटीला ९१ ते ९३. चढावर १०२पर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. बाटली गप्प. स्कॅनरमुळे एक कळलं: ९१ असो की १०२, काटा त्याच जागी! म्हणजे तो हलताना दिसायचा तेव्हा आत बरंच काही होऊन गेलेलं असायचं. थांबलो तेव्हा बाटलीतली पातळी दोन बोटं वर होती, आज सकाळी परत जुन्या खुणेला. होज गोल.

हेड_फेस_वाला:

एक-दोन आठवडे रोज सकाळी बघा. इतके दिवस सिस्टीमला दाबच नव्हता. आता पूर्ण दाब धरेल आणि जुन्या रेडिएटरचं जे नाजूक असेल ते बोलायला लागेल.

गरम_काटा:

दादा, तुमच्या तोंडात साखर पडो असं म्हणवत नाही. नवव्या दिवशी रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, तिथे हिरवट पापुद्रा दिसला. हाताला ओलं लागत नाही, पण पुसला की दोन दिवसांत परत येतो. बाटलीही बोटभर उतरली. नवीन रेडिएटर सांगितलाय, तोवर गाडी घरीच. त्याच्याबरोबर होजही बदलून घेऊ का? वरचा दाबला की आतून कुरकुर करतो.

हेड_फेस_वाला:

कुरकुरतोय म्हणजे रबर संपलं. दोन्ही बदला, क्लिपांसकट. आणि जुनं झाकण गाडीत स्पेअर म्हणून ठेवू नका, फेकून द्या.