मदत हवी आहे : वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात रविवारची गर्दी कशी टाळावी?

येत्या रविवारी आम्ही दोघे, चार व नऊ वर्षांची मुले आणि गुडघेदुखीमुळे फार वेळ उभ्या राहू न शकणाऱ्या सासूबाई डोंबिवलीहून नेहरू विज्ञान केंद्रात जाणार आहोत. नोकरीमुळे दुसरा वार शक्य नाही. मागे एका संग्रहालयात भर दुपारी पोहोचल्याने रेटारेटीत धाकटीचा हात हाताने चालवून पाहायच्या एकाही प्रयोगाच्या हँडलपर्यंत पोहोचला नाही आणि ती रडतच परतली. वेळा आणि तिकीटदर संकेतस्थळावर पाहिले आहेत, दादरला गाडी बदलून महालक्ष्मीहून टॅक्सी करायचेही ठरले आहे, त्यामुळे ती माहिती नको. अलीकडे रविवारी जाऊन आलेल्यांनी कृपया एवढेच सांगावे : दार उघडताच आधी आतली दालने उरकून उन्हात का होईना, बाहेरचे विज्ञान उद्यान नंतर पाहावे की उलट, आणि सासूबाईंना निवांत बसता येईल अशी सावलीची जागा नेमकी कुठे आहे?