'विच' कुणाचं, हळदीचं की पोत्याचं?

प्रश्न: भाची सांगलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय. सराव पेपरात 'चूक शोधा'खाली वाक्य होतं: 'अंकल सोल्ड द टर्मरिक टू अ ट्रेडर विच वॉज वेट.' तिने 'चूक नाही' लिहिलं, मार्क गेला. 'काकांनी व्यापाऱ्याला हळद विकली, जी ओली होती' असं आपण सहज बोलतो. मग इंग्रजीत बिघडलं कुठे?

उत्तर: ताई, मराठीत 'जी' म्हटलं की हळदच, व्यापारी असता तर 'जो' आला असता. लिंग-वचन सर्वनामावरच दिसतं, म्हणून विशेषण वाक्य (इथे 'जी ओली होती') नामापासून लांब गेलं तरी नातं तुटत नाही. 'विच' फक्त एवढंच सांगतं की हा माणूस नव्हे. बाकीचं काम जागा करते. म्हणून परीक्षेत ते नामाला चिकटूनच हवं: 'अंकल सोल्ड अ ट्रेडर द टर्मरिक विच वॉज वेट.'

खरी पंचाईत 'द टर्मरिक इन द सॅक विच वॉज वेट' इथे आहे. ओलं काय, हळद की पोतं? आपल्याकडे 'पोत्यातली ओली हळद' आणि 'ओल्या पोत्यातली हळद'. 'ओली'चं 'ओल्या' झालं की निकाल लागला. मला हे फार सुंदर वाटतं, आणि मुलांना आधी हेच दाखवावं असं वाटतं.

प्रश्न: 'हळदीने भरलेली पिशवी'चं तिने 'टर्मरिक फुल बॅग' केलं.

उत्तर: कारण आपल्याकडे विशेषण कितीही लांबलं तरी नामाआधीच बसतं. इंग्रजीत एकटं विशेषण सहसा आधी, 'अ फुल बॅग'. त्याला शेपूट लागलं की ते नामामागे जातं: 'अ बॅग फुल ऑफ टर्मरिक'.

प्रश्न: आणखी एक, 'व्यापाऱ्याचा मुलगा, जो मिरजेत राहतो' इथे मराठीही अडते की! दोघंही पुल्लिंगी.

उत्तर: अगदी बरोबर. तिथे 'जो' सोडून द्यायचा. 'मिरजेत राहणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा' किंवा 'व्यापाऱ्याचा मिरजेत राहणारा मुलगा', गोंधळच उरत नाही. इंग्रजीत 'द सन ऑफ द ट्रेडर हू लिव्ह्ज इन मिरज' तसंच संदिग्ध. मिरजेत मुलगा राहत असेल तर त्याला 'हू'च्या शेजारी आणायचं: 'द ट्रेडर्स सन, हू लिव्ह्ज इन मिरज.' भाचीला ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला सांगा.